गाडीच्या परीक्षणात मागची सीटही हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाहनशौकिनांच्या आवडत्या गाड्यांविषयी गेले काही आठवडे लेख येत आहेत आणि इंदूरला बसून मी ते नियमाने वाचतो. लेख मेहनतीने लिहिलेले असतात, छायाचित्रे देखणी असतात. तरीही एक उणीव मला दर वेळी जाणवते आणि तीच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गाडीतला पडदा किती इंचांचा आहे, छताची काच कुठवर उघडते, इंजिनाची ताकद किती अश्वशक्ती आहे, हे सगळे त्या लेखांत येते. पण ती गाडी खड्ड्यावरून कशी जाते, वळणात स्वतःला कशी सावरते आणि दोनशे किलोमीटर गेल्यावर मागे बसलेल्या माणसाची कंबर काय म्हणते, याच्या वाट्याला फार तर एक वाक्य येते, आणि तेही ‘राइड आरामदायी आहे’ इतकेच असते. ज्याला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे त्याच्या दृष्टीने खरा विषय इथून पुढे सुरू होतो.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या चाचणी विभागात नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. रामबाग, सुदामानगर, वैशालीनगर या भागांतले आम्ही आठ-नऊ मित्र, बहुतेक मराठी घरांतले, महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आपापल्या गाड्या घेऊन खंडवा रस्त्याने निघतो. सिमरोलला चहा होतो आणि तिथे किल्ल्यांची अदलाबदल होते. पुढचा भेरूघाट प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाडीने उतरायचा आणि परतताना दुसऱ्याच्याच गाडीने चढायचा, असा आमचा प्रघात आहे. चोरलला पोहोचल्यावर जे बोलणे होते त्यात अश्वशक्तीचा विषय पहिल्या पाच मिनिटांत संपतो. त्यानंतरचा तासभर निराळेच शब्द ऐकू येतात: हिच्या स्टेअरिंगमध्ये रस्ता कळतो, तिचे मागचे चाक वळणात खड्डा आला की बाजूला सरकते, ही खड्डा गिळते, ती उतारावर डुलते, तुझे शॉकअप गेले आहेत, बदलून घे. शौकीन माणूस गाडीबद्दल असा बोलतो. आपल्या लेखांत हे बोलणे नाही.

हे सारे मला प्रथम कळले ते लहानपणी, आणि तेही आजीमुळे. मामांकडे ॲम्बॅसडर मार्क टू होती. चातुर्मासात आजीचा लक्षवातींचा नेम असे आणि ओंकारेश्वरला जाताना मागच्या सीटवर बसून ती वाती वळत असे. मांडीवर पसरलेले फडके, त्यावर पिंजलेला कापूस, उजवीकडे राखेची लहानशी डबी. बोटाला चिमूटभर राख लावायची, कापसाचा पेळू तळहातावर ओढायचा आणि एकसारखी, केसासारखी बारीक वात बाजूला ठेवायची. इंदूरपासून बडवाहपर्यंत तिचा हात क्वचितच थांबे. मामा आरशातून तिच्या हाताकडे बघत गाडी चालवत. हात थांबला की ते ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत. वात तुटली तर आपले ब्रेक लावणे चुकले, असे ते मानत. गाडी चांगली चालली की नाही याचे इतके नेमके मोजमाप मी पुढे नोकरीत लाखो रुपयांच्या यंत्रांवरही फार थोड्या वेळा पाहिले.

ॲम्बॅसडरमध्ये असे होते तरी काय? मूळची ती मॉरिस ऑक्सफर्ड. पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी पोलादी कांब, मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दणकट सांगाडा, उंच टायर आणि घरातल्या कोचासारखी जाड, मऊ सीट. वळणात ती चांगलीच कलायची आणि घाई केलेली तिला खपत नसे. पण फुटक्या डांबरी रस्त्यावर तिची चाल अशी काही ठाय लयीत असे, की २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत तिच्या मागच्या सीटचा मान कोणी काढून घेऊ शकले नाही. तिच्या १८०० आयएसझेड या रूपातले इसुझूचे इंजिन आमच्या पीथमपूरला तयार होत असे, हे इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात. त्याच इंजिनाची कॉन्टेसा क्लासिक आमच्या एका मित्राच्या घरी अजून आहे आणि महामार्गावर तिच्यात बसणे म्हणजे शांत पाण्यात नावेत बसणे आहे.

आजीच्या वातींसारखीच एक कसोटी फ्रान्समध्ये एका गाडीला मुळातच घालून दिलेली होती. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सिट्रोएनची टू सीव्ही ही गाडी आखताना कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी अभियंत्यांना सांगितले होते, की शेतकरी अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून या गाडीने गेला तर एकही अंडे फुटता कामा नये. इंजिन चिमुकले, पत्रा पातळ, शोभेचे नाव नाही. पण स्प्रिंगांची रचना अशी की चाक हातभर वरखाली होई आणि आतला माणूस स्वस्थ राही. आज पाऊणशे वर्षांनंतरही शौकीन त्या गाडीवर जीव टाकतात. त्याच कंपनीची सी-५ एअरक्रॉस २०२१ साली आपल्याकडे आली. तिच्या शॉकअपच्या दोन्ही टोकांना तेलाच्या दाबावर चालणारी जादा उशी आहे, ज्यामुळे मोठ्या खड्ड्यात चाक शेवटापर्यंत आदळत नाही. मी ती राऊ ते माणपूर चालवली आहे आणि सेवा रस्त्यावरच्या तुटक्या कडांवरून ती ज्या रीतीने गेली, तिथे आजीची वात तुटली नसती, हे मी खात्रीने लिहितो.

राइड म्हणजे मऊपणा, असा एक समज रूढ आहे आणि आपल्या लेखांतही तो डोकावतो. तो दूर व्हायला हवा, म्हणून थोडे तांत्रिक लिहितो. चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि तेवढ्या हालचालीची शरीराला सवय असते. स्प्रिंगवर बसलेली गाडीची काया सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होत असेल तर ती सुखद वाटते. त्याहून फार जलद झाली तर हाडे खिळखिळी होतात, आणि फार संथ झाली तर पोटात ढवळते. पाच सेकंदांना एक हेलकावा, हा वेग तर मळमळ होण्यासाठी सर्वांत वाईट मानला जातो. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना कडक गाडीपेक्षा डुलणारी गाडी जास्त लागते, हे आयांना ठाऊक असते. स्प्रिंग धक्का घेते, पण घेतलेला धक्का ती परतही करते. तो परतीचा हेलकावा मारायचा असतो शॉकअपने. स्प्रिंग आणि शॉकअप यांचे जमले तर गाडी उंचवट्यावरून जाऊन एकदाच बसते आणि मग स्थिर होते. आमच्या बोलीत आम्ही म्हणतो, गाडी ‘बसली’. हा एक शब्द दहा पानी जाहिरातीहून मोलाचा आहे.

यात आणखी एक सुंदर बारकावा आहे. उंचवट्यावर आधी पुढची चाके चढतात, मग मागची. त्यामुळे पुढचा भाग आधी वर जातो आणि मागचा नंतर, आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे कलू लागते; माणसाला वरखाली होण्यापेक्षा हे कलणे अधिक त्रास देते. रोल्स रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेले मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने १९३० नंतरच्या वर्षांत एका लांब गाडीवर पुढेमागे वजने सरकवून प्रयोग केले आणि दाखवून दिले, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा किंचित मऊ ठेवल्या तर मागचा भाग उशिरा हलू लागूनही पुढच्याला गाठतो, दोन्ही टोके एकाच लयीत येतात आणि कलणे विरून जाते. चाकांमधले अंतर जास्त असेल तर हे काम आणखी सोपे होते. आमच्या इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५-३६ च्या सुमारास घेतलेली ड्यूझेनबर्ग एसजे, जिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने दोघांपुरती बॉडी चढवली होती, तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जवळपास ३.९ मीटर अंतर होते. मारुती ८०० मध्ये ते २.१७५ मीटर. एकच गतिरोधक या दोन गाड्यांना दोन वेगळ्या वस्तू वाटणार, हे उघड आहे.

पण मारुती ८०० चे नाव घेतले आणि मी तिला नावे ठेवून पुढे जावे, हे होणे नाही. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही ७९६ सीसीची, साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाची गाडी माझ्या पिढीचे बोट धरून चालली. १२ इंची चाकांना रस्त्यातला खडान्‌खडा कळे आणि तो आपल्यालाही कळे. आरामाच्या दृष्टीने हा दोष. चालवण्याच्या दृष्टीने हेच तिचे देणे. पुढचे चाक रस्त्यावर कुठे आहे हे तिच्यात इतके स्वच्छ समजे की रामबागेच्या बोळांतून जाताना आरसा मिटावा लागत नसे. हलकेपणा हा गाडीचा मोठा गुण आहे आणि हल्ली त्याची कोणी आठवणही काढत नाही. १९९४ साली आलेली एस्टीम त्याच हलकेपणामुळे शौकिनांच्या मनात घर करून बसली: १.३ लिटरचे इंजिन, पुढे ८५ अश्वशक्ती झालेले, आणि गाडीचे वजन नऊशे किलोंच्याही आत. आजच्या कितीतरी गाड्या याच्या दुपटीजवळ वजनाच्या आहेत आणि ते वजन आवरण्यासाठी त्यांच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. बॅटरीवरच्या गाड्यांना हे अधिकच लागू आहे. त्यांची बॅटरी तळाशी असल्याने वळणात त्या छान बसतात, पण कित्येक क्विंटलचे ते ओझे लहान खड्ड्यांवर जाणवल्याशिवाय राहत नाही.

फोर्डची १९९९ ची आयकॉन हे दुसरे लाडके नाव. भेरूघाटात वळण जसजसे आवळत जाते तसतसे तिचे स्टेअरिंग हाताला जड होत जाते आणि किती वळवायचे राहिले हे न बघता कळते. होंडा सिटीची जुनी व्हीटेक इंजिनासाठी आठवते, राइडसाठी तितकी नाही. प्रीमियर पद्मिनीविषयी लिहायचे तर निराळे पत्र लागेल. स्टेअरिंगलगतचा गिअर आणि मागचे पाटे यांची ज्याला सवय झाली त्याला ती सोडवत नाही, इतकेच म्हणतो.

सर्वांत जास्त ज्या गाडीवर आमचे बोलणे होते ती म्हणजे फियाटची ग्रांडे पुंटो, २००९ साली आलेली, आणि तिच्या घरातली लिनिया. दोन्ही आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झाल्या. आमच्यातल्या एका मित्राकडे १.३ मल्टिजेट डिझेल पुंटो आहे. मध्यंतरी घाटातल्या एका उजव्या वळणावर, नेमक्या चाकोरीत, डांबर आणि सिमेंटच्या ठिगळाच्या सांध्याशी चार बोटे उंचीचा दगडी काठ वर आलेला होता. वेग पन्नास, चाके वळलेली, गाडीचे सारे वजन डाव्या बाजूला, आणि त्याच क्षणी डावे पुढचे चाक त्या काठावर. बहुतेक गाड्यांत इथे तीन गोष्टी होतात: खाडकन आवाज येतो, स्टेअरिंग हाताला हिसका देते आणि गाडी वळणाची रेघ सोडून वीतभर बाहेर जाते. पुंटोत मला खालून दबका ‘धप्’ ऐकू आला, स्टेअरिंगच्या कडेवर बारीक शिरशिरी आली आणि गाडी त्याच रेघेवर राहिली. आवाज आला, धक्का आला नाही. मी मुद्दाम परत फिरून तिथून तीनदा गेलो. तिचे स्टेअरिंग शेवटपर्यंत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे राहिले. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक स्टेअरिंगमध्ये ही शिरशिरी गाळली जाते, आणि तिच्याबरोबर रस्ता ओला आहे की कोरडा, वाळू पसरली आहे की नाही, हा निरोपही गाळला जातो. भारतात फियाटच्या गाड्यांची विक्री थांबून काही वर्षे झाली, सुटे भाग शोधत हिंडावे लागते, तरी तो मित्र ती विकत नाही. लिनियाची टी-जेट, म्हणजे टर्बो पेट्रोल, ज्याने एकदा माणपूरच्या घाटात चालवली आहे त्याला मी काय म्हणतो ते सांगावे लागणार नाही.

तरुण मंडळींचा जीव फोक्सवॅगनच्या पोलोवर. २०१३ ची जीटी टीएसआय, १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ पीएस (हे अश्वशक्तीचेच माप) आणि आपोआप बदलणाऱ्या सात गिअरची डीएसजी पेटी, ही अनेकांची पहिली ‘खरी’ गाडी. सावकाश चालताना ती थोडी कडक वाटते. ऐंशीच्या पुढे तीच गाडी रस्त्याला अशी चिकटते की वेग कळत नाही. २०२२ साली चाकणला तिचे उत्पादन थांबले तेव्हा आमच्या दोन तरुण मित्रांनी पेढे वाटावेत तसे एकेकाला बोलावून आपापल्या पोलोत शेवटचा म्हणून नवा टायरसंच दाखवला होता. आज त्यांच्या चर्चेत १.५ लिटरच्या व्हर्चूस आणि स्लाव्हिया असतात, १५० पीएसच्या. उंच गाड्यांच्या लाटेत या दोन बुटक्या सेडान टिकून आहेत याचे मला समाधान आहे, कारण वजन जितके खाली तितकी गाडी वळणात कमी कलते, आणि कमी कलणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंगांची गरजही कमी पडते.

उंच गाड्यांत सगळ्याच सारख्या नाहीत, हेही न्यायाने लिहिले पाहिजे. २०१२ ची रेनो डस्टर या बाबतीत धडा घालून देणारी गाडी आहे. पोट जमिनीपासून २०५ मिलिमीटर, टायर २१५/६५ आर १६ (म्हणजे २१५ मिलिमीटर रुंद, रबराची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, आतले धातूचे चाक १६ इंची), स्प्रिंगांना भरपूर हालचाल. आमचा एक डॉक्टर मित्र दर आठवड्याला बडवानीच्या बाजूला रुग्ण तपासायला जातो. दोन लाख किलोमीटर झाले; एकदा शॉकअप, बुश (सांध्यांतली रबरे) आणि बॉल जॉइंट बदलले, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी बसू लागली. खराब रस्त्यावर वेग थोडा वाढवला की ती आणखी शांत होते, हा तिचा स्वभाव ज्याने अनुभवला त्याला दुसरी गाडी आवडणे कठीण. २०१७ च्या जीप कंपासमध्ये आणि २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये शॉकअपच्या आत अशी झडप आहे, की लहान जलद धक्क्यांना तेल मोकळे वाहते आणि मोठ्या संथ हेलकाव्यांना अडते. एकाच शॉकअपने मऊ आणि कडक असे दोन्ही व्हायचे, ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांचे काम आपल्या वाचकांपर्यंत गेले पाहिजे. इनोव्हाची गोष्ट आणखी वेगळी: सांगाड्यावर बांधलेली जुनी इनोव्हा रिकामी असताना मागून उड्या मारते आणि सात माणसे बसली की शहाणी होते. एकट्या परीक्षकाने ती चालवून दिलेला शेरा सात जणांच्या कुटुंबाच्या काय उपयोगाचा? आणि मारुतीची जिप्सी, जिला पुढेही पाटे आणि मागेही पाटे, ती तर कंबरेची परीक्षा घेते. तरी जानापावच्या कच्च्या वाटेवर तिला मागे टाकेल अशी गाडी आमच्या ताफ्यात नाही. आवड आणि आराम दर वेळी एकाच गाडीत राहत नाहीत, हेही लिहा.

आता थोडे घरचे. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली. घेण्याआधी आम्ही दोघे ती चालवून बघायला गेलो. दालनातल्या तरुणाने आम्हांला गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावरून दोन किलोमीटर नेले, आणि उखडलेल्या रस्त्याकडे वळण्याआधीच ‘इथून परत फिरू’ म्हटले. मी आग्रह केला, तेव्हा नियमात बसत नाही असे उत्तर मिळाले. लाखो रुपयांची वस्तू ज्या रस्त्यावर रोज वापरायची, त्या रस्त्यावर ती पाच मिनिटे चालवून बघता येऊ नये, हे मला आजही पटलेले नाही. पुढे पुतण्याने हौसेने टायरच्या एका दुकानातून मोठी चाके बसवून घेतली: मूळची २०५/६५ आर १६ काढून २१५/५० आर १८. बाहेरून चाकाची उंची तेवढीच राहिली, गाडी रुबाबदार दिसू लागली. पण रबराची भिंत १३३ मिलिमीटरची १०७ वर आली, म्हणजे धक्का खाणारे रबर इंचभर कमी झाले आणि त्याच्या जागी न वाकणारा धातू आला. त्यात पंपावर कोणी तरी हवाही ४० पर्यंत भरून ठेवलेली.

त्या गाडीने आम्ही आईला महेश्वरला घेऊन निघालो. आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि आजीचा वातींचा नेम तिने पुढे चालवला आहे. कापसाची पिशवी तिच्या मांडीवर होती, पण महूच्या पुढे तिने ती उघडलीच नाही. दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरून बसली होती. गुजरीला तिने गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ रस्त्याकडेला उभी राहिली. तक्रार केली नाही. ‘जरा पाय मोकळे करते’ एवढेच म्हणाली. दिवाळीनंतर पुतण्याने आपणहून जुनी चाके परत चढवली आणि दारावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे हवा ३३ केली. गाडी तीच, रस्ता तोच. पुढच्या फेरीत आईने धामनोदपर्यंत वाती वळल्या. इंचभर रबर आणि सात अंक हवा यांनी काय बदलते, हे कोणत्याही परीक्षणात मी वाचलेले नाही.

यात गाडीइतकाच रस्त्याचाही दोष आहे, हे मला मान्य आहे. गतिरोधक कसा असावा याचे भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक १९८८ पासून आहे: गोलसर, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ज्यावरून ताशी २५ किलोमीटरने सुखाने जाता यावे. आमच्या वसाहतींतले कित्येक गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच आहेत. त्यांवरून कोणतीच गाडी चांगली जाऊ शकत नाही. दुसरीकडे आमच्याच पीथमपूरला, घरापासून तासाभराच्या अंतरावर, नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग आहे, २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. तिथे वेगमार्गाखेरीज आराम तपासायचे, वळणक्षमता तपासायचे, टिकाऊपणा तपासायचे असे वेगवेगळे मार्गही आहेत. मुद्दाम खराब केलेले रस्ते तिथे मोजून-मापून बांधलेले आहेत, कारण गाडी बनवणाऱ्याला राइडचे मोल पुरते ठाऊक असते. ते मोल विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचवणे हे वर्तमानपत्राचे काम आहे, असे मी मानतो.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक परीक्षणात टायरचे माप आणि चाचणीच्या वेळी हवा किती होती हे छापावे. महागड्या आणि स्वस्त प्रकारांत चाकांचे माप वेगळे असेल तर दोन्ही चालवून बघावेत, कारण पुष्कळदा स्वस्त प्रकाराची राइड सरस असते आणि ते कळल्याने वाचकाचे पैसेही वाचतील. गाडी एकट्याने आणि भरलेली, अशी दोन्ही प्रकारे चालवावी. शक्यतो एकच ठराविक रस्ता निवडावा, ज्यात खड्डे, गतिरोधक, घाट आणि महामार्ग येतील, आणि दर गाडी त्याच रस्त्याने न्यावी, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या लेखाशी आजचा लेख ताडून बघता येईल. आणि चालकाच्या मताखाली मागे बसलेल्या व्यक्तीचे मत स्वतंत्र परिच्छेदात द्यावे. ती व्यक्ती साठीच्या पुढची असेल तर उत्तम. जुन्या गाड्यांसाठीही थोडी जागा काढावी. एक लाख किलोमीटरनंतर कोणती गाडी कशी बसते, शॉकअप कितव्या वर्षी गेले, बुश बदलल्यावर काय फरक पडला, हे सांगणारे वाचक तुम्हांला इंदुरात, ग्वाल्हेरात, बडोद्यात आणि अर्थात महाराष्ट्रात शेकड्यांनी भेटतील.

आपल्या परीक्षकांपैकी कोणी गाडी घेऊन इकडे येणार असतील तर सिमरोल ते बडवाह हा रस्ता दाखवायला मी आनंदाने येईन. मात्र लवकर यावे. चौपदरीकरणात घाटाची जुनी वळणे बोगद्यांनी टाळली जात आहेत. मागच्या सीटवर बसायला आमची आई तयार आहे. तिला मी विचारले आहे, आणि कापूस आधीच पिंजून ठेवते, असे ती म्हणाली.

आपला,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर